केवळ प्रोजेस्टिनयुक्त गर्भनिरोधक गोळ्यांचे दुष्परिणाम

केवळ प्रोजेस्टिनयुक्त गर्भनिरोधक गोळी म्हणजे प्रोजेस्टिन या एकाच प्रकारचे संप्रेरक असलेली, गर्भधारणा टाळण्यासाठी दररोज तोंडाने घ्यावयाची गोळी होय. हिला 'मिनी पिल' असेही म्हणतात. नेहमीच्या मिश्र गोळीत प्रोजेस्टिनसोबत इस्ट्रोजेन हे दुसरे संप्रेरक असते. या गोळीत ते नसते. त्यामुळे इस्ट्रोजेनशी निगडित असलेला रक्ताच्या गुठळ्यांचा धोका या गोळीत वाढत नाही आणि स्तनपान करणाऱ्या मातांनाही ती घेता येते. मासिक पाळीच्या स्वरूपात होणारा बदल हा तिचा सर्वांत जास्त आढळणारा दुष्परिणाम आहे. अवेळी रक्तस्राव, अधूनमधून डाग पडणे, पाळी लांबणे किंवा पूर्ण थांबणे असे बदल त्यात येतात. हे बदल बहुधा निरुपद्रवी असतात, तरीही गोळी मध्येच सोडण्याचे ते प्रमुख कारण ठरतात. सातारा आणि सांगली यांसारख्या जिल्ह्यांत पाळीशी धार्मिक निर्बंध आणि रोजंदारी असे दोन्ही प्रश्न जोडलेले असल्याने या दुष्परिणामाला वैद्यकीय अर्थापलीकडचे महत्त्व येते.

पार्श्वभूमी

मराठी समाजात संततिनियमनाच्या जाहीर चर्चेची सुरुवात रघुनाथ धोंडो कर्वे यांच्यापासून मानली जाते. त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालविले. त्यांच्या काळातील साधने प्रामुख्याने बाह्य स्वरूपाची होती. तोंडाने घेता येईल असे परिणामकारक प्रोजेस्टिन, म्हणजे नॉरएथिस्टेरॉन, १९५१ साली मेक्सिको शहरातील सिंटेक्स या कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झाले. कर्वे यांचे निधन १९५३ साली झाले. त्यामुळे गोळीचे युग त्यांना पाहता आले नाही. ०.३५ मिलिग्रॅम नॉरएथिस्टेरॉन असलेल्या गोळीला अमेरिकेत १९७३ साली मान्यता मिळाली. जुलै २०२३ मध्ये त्याच देशाने नॉरजेस्ट्रेल या प्रोजेस्टिनची गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकण्यास परवानगी दिली.

महाराष्ट्रात कुटुंबनियोजनाचा अर्थ दीर्घकाळ 'ऑपरेशन' असाच राहिला आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातील १५ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांनी शस्त्रक्रियेचा मार्ग स्वीकारला होता, तर गोळ्या वापरणाऱ्यांचे प्रमाण ५.१ टक्के होते. महाराष्ट्रात शस्त्रक्रियेचे प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा जास्त आहे. लवकर लग्न, लागोपाठ दोन बाळंतपणे आणि त्यानंतर ऑपरेशन हा क्रम ग्रामीण भागात रूढ असल्याने पाळणा लांबविण्याच्या तात्पुरत्या साधनांचा अनुभव अनेक घरांत नसतो.

हा क्रम बदलण्याचा एक प्रयत्न सातारा जिल्ह्यात झाला. सातारा जिल्हा परिषदेने २००७ साली 'सेकंड हनिमून पॅकेज' या नावाची योजना सुरू केली. लग्नानंतर पहिले मूल दोन वर्षे लांबविणाऱ्या जोडप्यास ५,००० रुपये आणि तीन वर्षे लांबविणाऱ्या जोडप्यास ७,५०० रुपये असे तिचे स्वरूप होते. या योजनेची दखल परदेशी वृत्तपत्रांनीही घेतली. मूल न झालेल्या स्त्रीने दोन-तीन वर्षे गर्भधारणा टाळायची, तर तिला तात्पुरते साधन लागते आणि ते साधन सोसवते की नाही, हा प्रश्न लगेच पुढे येतो. त्यामुळे दुष्परिणामांची माहिती हा अशा योजनांचा आवश्यक भाग ठरतो.

प्रकार व कार्यपद्धती

या गोळ्यांत नॉरएथिस्टेरॉन (०.३५ मिलिग्रॅम), लेव्होनॉरजेस्ट्रेल (०.०३ मिलिग्रॅम), डेसोजेस्ट्रेल (०.०७५ मिलिग्रॅम) किंवा ड्रोस्पायरेनोन (४ मिलिग्रॅम) यांपैकी एक प्रोजेस्टिन असते. ड्रोस्पायरेनोनच्या पाकिटात २४ औषधी गोळ्यांनंतर ४ औषधविरहित गोळ्या असतात. इतर गोळ्या एकही दिवस खंड न पाडता, एक पाकीट संपताच दुसरे सुरू करून घ्यायच्या असतात.

प्रोजेस्टिनमुळे गर्भाशयमुखातील स्राव घट्ट होतो आणि शुक्रजंतूंना आत शिरणे कठीण जाते. गर्भाशयाचे अंतःस्तर पातळ राहते. काही प्रमाणात स्त्रीबीज बाहेर पडण्याची क्रियाही थांबते. जुन्या प्रकारच्या गोळ्यांत सुमारे निम्म्या चक्रांत, तर डेसोजेस्ट्रेलच्या गोळीत जवळजवळ सर्व चक्रांत बीजोत्सर्ग रोखला जातो.

गर्भाशयमुखातील स्रावाचा घट्टपणा सुमारे एक दिवस टिकतो. म्हणून जुन्या प्रकारची गोळी रोज ठराविक वेळी घ्यावी लागते आणि तीन तासांहून अधिक उशीर झाल्यास ती चुकली असे मानतात. डेसोजेस्ट्रेलसाठी ही मर्यादा १२ तासांची, तर ड्रोस्पायरेनोनसाठी २४ तासांची आहे. तंतोतंत वापर केल्यास वर्षभरात हजारात सुमारे तीन स्त्रियांना गर्भधारणा होते. रोजच्या व्यवहारातील चुका धरल्यास हे प्रमाण शंभरात सुमारे सात इतके होते.

तत्सम गोळ्यांशी होणारा गोंधळ

बोलण्यात सर्वच गोळ्यांना 'पाळीच्या गोळ्या' म्हटले जात असल्याने एका गोळीचे दुष्परिणाम दुसरीच्या नावावर सांगितले जातात. म्हणून पुढील भेद लक्षात घेणे आवश्यक आहे.

माला-एन : शासकीय आरोग्य केंद्रांत मोफत मिळणारी मिश्र गोळी. तिच्या पाकिटात २१ संप्रेरकयुक्त व ७ लोहयुक्त गोळ्या असतात. इस्ट्रोजेन असल्याने तिचे धोके व वर्ज्य परिस्थिती निराळ्या आहेत.

छाया : सेंटक्रोमन हे संप्रेरकविरहित औषध असलेली, लखनऊच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने विकसित केलेली गोळी. ती पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा व नंतर आठवड्यातून एकदा घेतात. तिच्यामुळेही पाळी लांबू शकते, परंतु ती प्रोजेस्टिनची गोळी नव्हे.

अंतरा : दर तीन महिन्यांनी घ्यावयाचे प्रोजेस्टिनचे इंजेक्शन. अंतरा आणि छाया ही साधने २०१७ साली महाराष्ट्र व गोवा यांसह दहा राज्यांत शासकीय कार्यक्रमातून उपलब्ध झाली. अंतरामुळे पाळी थांबण्याचे प्रमाण जास्त असते आणि थांबविल्यानंतर गर्भधारणेस काही महिन्यांचा विलंब होऊ शकतो. गोळीच्या बाबतीत असा विलंब होत नाही.

तातडीची गोळी : असुरक्षित संबंधानंतर एकदाच घ्यावयाची, १.५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेलची गोळी. हीदेखील केवळ प्रोजेस्टिनचीच असते. परंतु तिची मात्रा रोजच्या लेव्होनॉरजेस्ट्रेल गोळीच्या ५० पट असते आणि ती नियमित वापरासाठी नाही.

पाळी पुढे ढकलण्याची गोळी : ५ मिलिग्रॅम नॉरएथिस्टेरॉनची ही गोळी बहुधा दिवसातून तीनदा घेतली जाते. म्हणजे दिवसाची मात्रा गर्भनिरोधक गोळीच्या चाळीस पटींहून अधिक होते. इतक्या मात्रेत नॉरएथिस्टेरॉनचा काही अंश शरीरात इस्ट्रोजेनमध्ये रूपांतरित होतो. त्यामुळे पूर्वी रक्ताची गुठळी झालेल्या किंवा तसा धोका असलेल्या स्त्रियांनी ती वैद्यकीय सल्ल्याविना घेऊ नये, असे सांगितले जाते. या गोळीला गर्भनिरोधक म्हणून मान्यता नाही.

केवळ प्रोजेस्टिनची दैनंदिन गर्भनिरोधक गोळी प्रामुख्याने औषधांच्या दुकानांतून मिळते.

रक्तस्रावातील बदल

नैसर्गिक चक्रात दोन संप्रेरकांच्या चढउतारामुळे गर्भाशयाचे अंतःस्तर वाढते आणि ठराविक वेळी झडते. गोळीतील प्रोजेस्टिनची पातळी रोज साधारण सारखी राहते. अंतःस्तर पातळ होते, त्यातील सूक्ष्म रक्तवाहिन्या नाजूक बनतात आणि त्या अधूनमधून फुटून थोडे थोडे रक्त येते. मिश्र गोळीत सात दिवसांच्या खंडामुळे ठराविक दिवशी रक्तस्राव होतो. या गोळीत तसा खंड नसल्याने रक्तस्रावाचा दिवस आधी सांगता येत नाही.

हे बदल पुढील प्रकारांनी दिसतात :

डाग पडणे किंवा पाळी नसताना थोडेसे अंगावरून जाणे;
पाळी लवकर लवकर येणे किंवा जास्त दिवस रेंगाळणे;
दोन पाळ्यांतील अंतर वाढणे;
पाळी पूर्णपणे थांबणे.

डेसोजेस्ट्रेलची गोळी वर्षभर घेणाऱ्या दहा स्त्रियांपैकी सुमारे पाच जणींची पाळी थांबते किंवा क्वचित येते, सुमारे चार जणींना बऱ्यापैकी नियमित रक्तस्राव होतो आणि सुमारे एकीला वारंवार रक्तस्राव होत राहतो. पहिल्या तीन महिन्यांत अनियमितता सर्वांत जास्त असते. पुढे ती सहसा कमी होते. कोणत्या स्त्रीला कोणता अनुभव येईल, हे आधी सांगता येत नाही.

रक्तस्रावाचे दिवस वाढले तरी एकूण रक्त सहसा कमीच जाते. निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये पंडुरोग आढळणाऱ्या महाराष्ट्रासारख्या राज्यात ही बाब महत्त्वाची आहे. पाळी न आल्यास 'रक्त पोटात साठते' किंवा 'ते डोक्यात चढते' अशी समजूत आढळते. ती चुकीची आहे. अंतःस्तर पातळच राहिल्याने बाहेर टाकण्याजोगे रक्त तयारच होत नाही. गोळी बंद केल्यावर पाळी पूर्ववत होते आणि गर्भधारणेची क्षमताही लवकर परत येते.

सातारा–सांगली परिसरातील संदर्भ

वैद्यकीय दृष्टीने किरकोळ असलेला डाग घरात आणि शेतात किरकोळ राहत नाही, याची दोन कारणे या परिसरात ठळकपणे दिसतात.

पहिले कारण धार्मिक आचाराचे आहे. पश्चिम महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांत पाळी आलेल्या स्त्रीला 'बाजूला बसावे' लागते; देवघर, काही घरांत स्वयंपाकघरही, तिला वर्ज्य असते. 'कावळा शिवला' हा वाक्प्रचार याच आचारातून आला आहे. पाळी महिन्यातून चार दिवसांची असते असे गृहीत धरून ही व्यवस्था उभी आहे. गोळीमुळे दहा-बारा दिवस डाग पडत राहिले, तर तितके दिवस ती स्त्री घरातील व्यवहाराबाहेर राहते किंवा डाग लपविते. याउलट पाळी आलीच नाही, तर सासरच्या मंडळींना दिवस गेल्याचा संशय येतो. गोळी घरच्यांच्या नकळत चालू असेल, तर दोन्ही प्रसंगी ती उघड होण्याची भीती असते.

सणवार आणि यात्रांच्या काळात ही अडचण वाढते. आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा नदी ओलांडून सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असा प्रवास करीत पंढरपूरकडे जाते. वाई तालुक्यातील मांढरदेवी येथे काळूबाईची यात्रा पौष पौर्णिमेस भरते. सांगली जिल्ह्यात औदुंबरचे दत्तक्षेत्र प्रसिद्ध आहे, आणि भाद्रपदात घरोघरी गौरी-गणपती बसतात. अशा वेळी पाळी पुढे ढकलण्याची गोळी घेण्याची पद्धत महाराष्ट्रात सर्वत्र आढळते. दैनंदिन गर्भनिरोधक गोळी घेणाऱ्या स्त्रीने डाग थांबावेत म्हणून परस्पर ही गोळी जोडल्यास संप्रेरकाची मात्रा अनेक पटींनी वाढते. गर्भनिरोधक गोळी बंद करून तिच्याऐवजी ही गोळी घेतल्यास गर्भनिरोधनाची खात्री राहत नाही. म्हणून दोन्हींबाबत आधी डॉक्टरांना विचारणे हितावह असते.

दुसरे कारण मजुरीचे आहे. कृष्णा आणि वारणा या नद्यांच्या काठचा हा प्रदेश साखर कारखान्यांचा आहे. हंगामात येथील फडांत मराठवाड्यातून, तसेच जतसारख्या दुष्काळी तालुक्यांतून ऊसतोड मजूर येतात. पती-पत्नीची जोडी 'कोयता' म्हणून धरली जाते, मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते आणि कामावर न गेल्यास खाडा पडतो. फडावरच्या कोपीत शौचालय व पुरेसे पाणी नसते. अशा परिस्थितीत अवेळी सुरू होणारा रक्तस्राव हा थेट रोजगाराचा प्रश्न बनतो.

या प्रश्नाचे टोकाचे रूप बीड जिल्ह्यात उघडकीस आले. ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांमध्ये कमी वयात गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण मोठे असल्याचे समोर आल्यावर राज्य शासनाने २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. त्या शस्त्रक्रियांचा संबंध गोळ्यांशी नव्हता. मात्र पाळीचा त्रास आणि अंगावरून जाणे यांवर 'पिशवी काढणे' हाच उपाय समजला जातो, हे त्यातून दिसले. केवळ प्रोजेस्टिनच्या गोळीमुळे होणारा अनियमित रक्तस्राव गोळी बदलल्याने किंवा बंद केल्याने थांबतो. केवळ त्यासाठी गर्भाशय काढण्याचे कारण नसते. म्हणूनच रक्तस्रावाची तक्रार घेऊन आलेल्या स्त्रीने आपण कोणती गोळी घेत आहोत हे डॉक्टरांना सांगणे, आणि डॉक्टरांनी ते विचारणे, दोन्ही आवश्यक असते.

इतर सामान्य दुष्परिणाम

डोकेदुखी, मळमळ, स्तनांत दुखरेपणा व चक्कर येणे हे त्रास काही स्त्रियांना सुरुवातीच्या महिन्यांत होतात आणि पुढे बहुधा कमी होतात. मळमळ होत असल्यास गोळी जेवणानंतर किंवा झोपताना घेण्याचा सल्ला दिला जातो. मात्र घेण्याची वेळ रोज तीच ठेवावी लागते.

काही स्त्रियांच्या चेहऱ्यावर मुरुमे येतात किंवा आधीची वाढतात. ड्रोस्पायरेनोनमध्ये हा परिणाम कमी असतो. परंतु त्यामुळे रक्तातील पोटॅशियम वाढू शकत असल्याने मूत्रपिंडाचा विकार असलेल्या स्त्रियांना ती गोळी दिली जात नाही.

'गोळीने अंग सुटते' ही सर्वत्र ऐकू येणारी तक्रार आहे. केवळ प्रोजेस्टिनच्या साधनांवरील उपलब्ध अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात, बहुतेक अभ्यासांत सहा ते बारा महिन्यांतील सरासरी वजनवाढ दोन किलोग्रॅमपेक्षा कमी आढळली. ती गोळीमुळेच झाली असे ठामपणे सांगता येत नाही. लग्न, बाळंतपण व वाढते वय यांमुळेही त्याच काळात वजन वाढत असते.

मनःस्थितीतील बदल, चिडचिड, उदासपणा आणि कामेच्छा कमी होणे अशा तक्रारीही नोंदविल्या जातात. डेन्मार्कमधील दहा लाखांहून अधिक स्त्रियांच्या नोंदींवर आधारित, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संप्रेरकयुक्त साधने वापरणाऱ्या स्त्रियांमध्ये नैराश्यावरील औषधे सुरू होण्याचे प्रमाण काहीसे जास्त आढळले. किशोरवयीन मुलींमध्ये हा फरक अधिक होता. हा निरीक्षणात्मक अभ्यास असल्याने त्यातून कार्यकारण सिद्ध होत नाही. तथापि गोळी सुरू केल्यावर आलेली सततची उदासी दुर्लक्षू नये, असा वैद्यकीय सल्ला असतो.

अंडाशयात पाण्याने भरलेली लहान गाठ तयार होणे हाही एक परिणाम आहे. सोनोग्राफीत ती दिसल्यास घबराट होते. परंतु अशा बहुतेक गाठी लक्षणांविना असतात आणि शस्त्रक्रियेविना आपोआप विरतात.

क्वचित आढळणारे गंभीर परिणाम

गर्भाशयाबाहेरील गर्भधारणा : गोळी चालू असताना गर्भ राहिलाच, तर तो गर्भनलिकेत असण्याची शक्यता इतर वेळेपेक्षा जास्त असते. कोणतेही साधन न वापरणाऱ्या स्त्रीच्या तुलनेत एकूण धोका मात्र कमीच असतो, कारण मुळात गर्भधारणाच क्वचित होते. पोटाच्या एका बाजूस तीव्र वेदना, भोवळ किंवा खांद्यात दुखणे ही लक्षणे असल्यास तत्काळ रुग्णालयात जाणे आवश्यक असते.

स्तनाचा कर्करोग : ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी मार्च २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, केवळ प्रोजेस्टिनची साधने वापरत असलेल्या किंवा नुकतीच सोडलेल्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचा धोका सुमारे २० ते ३० टक्क्यांनी वाढलेला आढळला. मिश्र गोळीइतकाच हा धोका आहे. टक्केवारी मोठी वाटली तरी तरुण वयात हा रोग मुळातच क्वचित होत असल्याने प्रत्यक्ष संख्या लहान राहते. १६ ते २० या वयात पाच वर्षे संप्रेरकयुक्त गोळी घेतलेल्या एक लाख स्त्रियांमागे पंधरा वर्षांत सुमारे ८, तर ३५ ते ३९ या वयात घेतलेल्या एक लाख स्त्रियांमागे सुमारे २६५ अतिरिक्त रुग्ण, असा अंदाज या अभ्यासात मांडला आहे. हे आकडे उच्च उत्पन्न गटातील देशांसाठीचे आहेत.

रक्ताच्या गुठळ्या व रक्तदाब : गर्भनिरोधक मात्रेतील प्रोजेस्टिनच्या गोळीमुळे पायातील किंवा फुप्फुसातील गुठळ्यांचा धोका वाढल्याचे आढळलेले नाही. रक्तदाबही सहसा वाढत नाही. म्हणूनच उच्च रक्तदाब, धूम्रपान किंवा दृष्टिभ्रमासह येणारी अर्धशिशी यांमुळे मिश्र गोळी वर्ज्य असलेल्या अनेक स्त्रियांना हा पर्याय सुचविला जातो.

हाडांची घनता : अंतरा इंजेक्शनच्या दीर्घ वापरात हाडांची घनता काही प्रमाणात कमी होते. गोळीच्या बाबतीत असा लक्षणीय परिणाम दिसत नाही.

इतर औषधांशी परस्परक्रिया

काही औषधे यकृतातील विघटनाचा वेग वाढवून गोळीतील प्रोजेस्टिन लवकर नष्ट करतात. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन हे त्यांतील प्रमुख औषध होय. क्षयरोगाचा नेहमीचा उपचार सहा महिने चालतो आणि रिफॅम्पिसिन त्यात शेवटपर्यंत असते. औषध थांबविल्यावरही त्याचा परिणाम सुमारे चार आठवडे राहतो. या काळात गोळीवर विसंबून राहता येत नाही. मिरज हे क्षयरोगाच्या उपचारासाठी पूर्वीपासून ओळखले जाणारे ठिकाण असल्याने सांगली परिसरात हा मुद्दा विशेष लागू पडतो. फिटांवरील फेनिटॉइन, कार्बामाझेपिन व फेनोबार्बिटोन या औषधांनाही हेच लागू होते. अशा स्त्रियांसाठी तांबी किंवा इंजेक्शन हे अधिक खात्रीचे पर्याय असतात. सर्दी-तापात दिल्या जाणाऱ्या सामान्य प्रतिजैविकांमुळे गोळीचा परिणाम कमी होत नाही; मात्र गोळी घेतल्यापासून तीन तासांच्या आत उलटी झाल्यास ती पुन्हा घ्यावी लागते.

स्तनपान आणि गोळी

मिश्र गोळीतील इस्ट्रोजेनमुळे दूध कमी होऊ शकते. म्हणून स्तनपान करणाऱ्या मातांनी बाळंतपणानंतर सहा महिने ती टाळावी, असे जागतिक आरोग्य संघटनेचे निकष सांगतात. केवळ प्रोजेस्टिनची गोळी या काळात वापरता येते. २०१५ च्या निकषांनुसार पहिल्या सहा आठवड्यांतही ती सामान्यतः घेता येते आणि सहा आठवड्यांनंतर तिच्यावर बंधन उरत नाही. दुधातून अत्यल्प संप्रेरक बाळापर्यंत पोहोचते, परंतु बाळाच्या वाढीवर त्याचा दुष्परिणाम आढळलेला नाही.

पहिले बाळंतपण माहेरी करण्याच्या रिवाजामुळे गोळी माहेरच्या गावी सुरू होते आणि काही महिन्यांनी सासरी परतताना खंडित होते, असे घडू शकते. अंगावर पाजत असताना पाळी आधीच थांबलेली असल्याने या काळात रक्तस्रावाची अनियमितता कमी जाणवते. बाळ वरचे अन्न खाऊ लागल्यावर आणि पाजणे कमी झाल्यावर मात्र डाग पडू लागतात. हा बदल अपेक्षित असतो.

कोणी घेऊ नये

सध्या स्तनाचा कर्करोग असलेल्या स्त्रियांना ही गोळी पूर्णपणे वर्ज्य आहे. पूर्वी स्तनाचा कर्करोग झालेला असणे, यकृताचा तीव्र विकार किंवा यकृतातील काही गाठी, तसेच वर उल्लेखिलेली औषधे चालू असणे या परिस्थितींत ती सहसा दिली जात नाही. कारण न कळलेला योनिमार्गातील रक्तस्राव असल्यास आधी तपासणी करणे इष्ट असते, कारण गोळीमुळे होणारा रक्तस्राव मूळ आजाराला झाकू शकतो.

दुष्परिणामांचे व्यवस्थापन

डाग पडू लागल्यास प्रथम गोळ्या वेळेवर घेतल्या जात आहेत का, हे पाहिले जाते. चुकलेली गोळी हे अवेळी रक्तस्रावाचे नेहमीचे कारण असते. गोळी चुकल्यास आठवताच ती घेऊन पुढील गोळ्या नेहमीच्या वेळी चालू ठेवाव्यात आणि दोन दिवस निरोध वापरावा, असा सल्ला असतो. डाग पडतात म्हणून काही दिवस गोळी थांबविणे ही सर्वसामान्य चूक आहे. त्यामुळे रक्तस्राव वाढतो आणि गर्भधारणेचा धोकाही निर्माण होतो.

तीन महिन्यांनंतरही त्रास कायम राहिल्यास डॉक्टर थोड्या दिवसांसाठी आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक आम्ल देऊ शकतात, अथवा दुसऱ्या प्रोजेस्टिनची गोळी सुचवू शकतात. दीर्घकाळ ठीक चाललेल्या गोळीवर अचानक रक्तस्राव सुरू झाल्यास, संबंधानंतर रक्त गेल्यास किंवा दुर्गंधीयुक्त स्राव असल्यास गर्भधारणा, जंतुसंसर्ग आणि गर्भाशयमुखाचा विकार यांची तपासणी करतात. डोळे पिवळे होणे, स्तनात गाठ लागणे, तीव्र पोटदुखी किंवा दृष्टीतील बदलासह नव्याने सुरू झालेली डोकेदुखी ही लक्षणे दिसल्यास थांबून न राहता वैद्यकीय मदत घ्यावी लागते.

गावपातळीवर अशी चौकशी आशा कार्यकर्ती किंवा उपकेंद्रातील परिचारिकेकडे करता येते. तेथून प्राथमिक आरोग्य केंद्र व ग्रामीण रुग्णालय, आणि गरज पडल्यास साताऱ्याचे क्रांतिसिंह नाना पाटील सामान्य रुग्णालय किंवा सांगली-मिरजेतील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालये अशी उपचाराची साखळी आहे. पाळीचे स्वरूप बदलेल, ते किती काळ बदललेले राहील आणि त्यातले काय धोक्याचे नाही, हे गोळी सुरू करण्यापूर्वीच सांगितले गेलेल्या स्त्रिया ती अधिक काळ चालू ठेवतात, असा प्रोजेस्टिनच्या साधनांबाबत अनेक देशांतील अनुभव आहे. ही माहिती पतीला आणि शक्य असल्यास घरातील मोठ्या स्त्रियांनाही असल्यास डाग लपविण्याची आणि गोळी गुपचूप सोडण्याची वेळ कमी येते.